नागराणीच्या करंगळीचे पेर : वऱ्हाडातील पानवेलीची गोष्ट (थ्रेड)

हस्तिनापूरच्या युद्धानंतर पांडवांनी अश्वमेध मांडला, तेव्हा त्यांना विड्याची पाने हवी होती. पृथ्वीवर पानवेल नव्हती. म्हणून पाताळात नागांच्या राणीकडे दूत गेला. राणीने आपल्या करंगळीचे वरचे पेर कापून त्याच्या हाती दिले. ते पेर जमिनीत लावले गेले आणि त्यातून वेल उगवली. तिला नागवेल म्हणतात ते त्यामुळे. आणि तिला फूल नाही, बी नाही, ती कांडे लावूनच वाढते, तेही त्यामुळेच.

ही कथा रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवरील आपल्या चार खंडांच्या ग्रंथात १९१६ साली नोंदवली. नोंद 'बरई' या जातीखाली आहे. वऱ्हाडात याच लोकांना बारी म्हणतात. पानवेल लावणे, वाढवणे आणि पाने विकणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. ही जात प्रामुख्याने ज्या जिल्ह्यांत राहते त्यांची यादी ग्रंथात दिली आहे आणि तीत अमरावतीच्या जोडीला बुलढाण्याचे नाव आहे.

कथेत नागांच्या राणीचे नाव वासुकी आहे. पुराणांतला वासुकी हा नागराज, पुरुष. बाऱ्यांच्या कथेत मात्र ती राणी आहे. लोककथा पुराणाची परवानगी घेत बसत नाही, याचा हा चांगला नमुना. महत्त्वाचा तपशील मात्र वेगळा आहे आणि तो मराठी वाचकाच्या सहज लक्षात यावा. बोटाच्या दोन सांध्यांमधल्या भागाला मराठीत पेर म्हणतात. उसाच्या आणि वेलीच्या दोन गाठींमधल्या भागालाही पेरच म्हणतात. शरीराच्या आणि वनस्पतीच्या अवयवाला एकच शब्द असलेल्या भाषेत ही कथा ऐकली की ती चमत्काराची कमी आणि लागवडीची अधिक वाटू लागते. राणीने दान दिले ते बेणे होते.

आता वेलीकडे पाहू. पानवेल ही मिरीच्या कुळातली. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'पायपर बीटल' हे शास्त्रीय नाव दिले. तिचे मूळ घर मलाय द्वीपकल्पाच्या बाजूचे मानले जाते : बारमाही पाऊस, दाट सावली, ओलसर हवा. फूल तिला येत नाही हे कथेतले विधान शब्दशः खरे नाही. मिरीच्या कुळातल्या इतर वेलींप्रमाणे तिलाही बारीक फुलांचे लांबट तुरे येतात. पण नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. नर वेलीचे कांडे लावले तर उगवलेली वेल नरच. त्या वेलीच्या कांड्यांवर उभा राहिलेला सगळा मळाही नरच. अशा मळ्यात फळ धरणार कसे? शिवाय पानांसाठी वेल सतत खुडली जाते, दरवर्षी खाली उतरवली जाते. अशा वेलीवर तुरा दिसणे दुर्मीळच. पिढ्यान्पिढ्या मळ्यात राबणाऱ्या माणसाने 'हिला फूल नाही, बी नाही' असे म्हटले, ते त्याच्या डोळ्यांसमोरचे सत्य होते.

हेच निरीक्षण एका परक्या माणसानेही केले होते. १४व्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी भारतात आला. शेजारच्या दौलताबादेतही तो राहून गेला. तांबूलवेल द्राक्षवेलीसारखी मांडवावर चढवतात किंवा नारळाच्या झाडाशेजारी लावतात, तिला फळ येत नाही आणि ती केवळ पानांसाठी वाढवतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. नागराणीची कथा त्याच्या कानावर आली होती असे मानायला आधार नाही. त्याने मळा पाहिला, एवढे पुरेसे होते.

उपखंडात पान किती जुने? वैदिक वाङ्मयात तांबुलाचा पत्ता लागत नाही. 'तांबूल' हा शब्दही संस्कृतात आग्नेय आशियाई भाषांकडून आला असावा, असे भाषाशास्त्रज्ञांचे मत आहे. इसवी सन ४७३ मधील मंदसोरच्या रेशीम विणकरांच्या शिलालेखात मात्र सजलेल्या तरुणीच्या वर्णनात सोन्याचा हार आणि फुले यांच्या बरोबरीने तांबूल येते. म्हणजे पाचव्या शतकापर्यंत पान माळव्याच्या नागर जीवनात मुरले होते. १२व्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील 'मानसोल्लास' या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये तांबूलभोगाला स्वतंत्र प्रकरण मिळाले आहे. राजे पानाबद्दल भरभरून लिहवून घेत. ते पान कोणी लावले, हे लिहिण्याची गरज दरबारात कुणाला वाटली नाही.

याला एक सन्मान्य अपवाद म्हणजे अबुल फजल. अकबराच्या काळातील 'आईन-ए-अकबरी' या ग्रंथात त्याने पानांच्या जाती नावानिशी दिल्या आहेत : बिलहरी, काकेर, जैसवार, कपुरी, कपुरकांत, बंगला. कपुरीबद्दल तो म्हणतो की पान पिवळसर, कडक, शिरा उठलेले, पण चवीला आणि वासाला चांगले. पुढच्या लागवडीसाठी वेलीचा कोणता भाग राखून ठेवतात, वेलीवरच्या जागेप्रमाणे पानांना कोणती नावे आहेत, इथपर्यंत त्याची नजर गेली आहे. वऱ्हाडातल्या मळ्यांतही कपुरी हेच नाव घेतले जाते. नाव तेच म्हणून वेलही तीच, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. चारशे वर्षांत नावे एका वेलीवरून दुसरीवर सरकतात.

पण एक शक्यता विचार करण्याजोगी आहे. बियाण्यावर वाढणारे पीक दर पिढीत थोडे बदलते. ज्वारीचे कणीस आपल्या आजोबांसारखे नसते. कांड्यावर वाढणाऱ्या वेलीचे तसे नाही. आजची वेल म्हणजे कालच्या वेलीचाच तुकडा, कालची वेल परवाच्या वेलीचा. कुठेतरी एखादा डोळा आपणहून बदलतो तेवढाच फरक. या अर्थाने पानमळ्यात नवी वेल अशी नसतेच. अतिशय जुनी वेल नव्या मातीत उभी असते. आणि ती उभी राहते ती दरवेळी कुणीतरी माणसाने कांडे कापून, वेळेवर, ओल्या मातीत दाबले म्हणून. ही साखळी एकदा तुटली तर ती वेल संपली. कोठारातून बी काढून पुन्हा पेरण्याची सोय तिच्यात नाही.

आता प्रश्न असा, की मलायच्या वर्षावनातली ही वेल बुलढाण्यात कशी जगते? उन्हाळ्यात इथला पारा सहज ४२-४३ अंशांवर जातो. जिल्ह्याच्या उत्तर भागातून पूर्णा नदी वाहते. तिच्या दोन्ही काठांवर अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरींचे पाणी खारट. कापूस, ज्वारी, तूर ही पिके पावसावर निघतात, पण बागायतीला ते पाणी चालत नाही. पट्टा ओलांडून उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी गेले की जळगाव जामोदच्या बाजूला जमीन निचऱ्याची होते आणि विहिरीला गोडे पाणी लागते. वऱ्हाडातले पानमळे याच पायथ्याच्या पट्ट्यात, अंजनगाव सुर्जी, अकोट ते जळगाव जामोद असे, वाढले. नकाशावर खाऱ्या पाण्याची रेघ ओढली की पानाचा भूगोल आपोआप उमटतो.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावी. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली आणि खामगाव व जळगाव हे तालुके अकोल्यातून काढून बुलढाण्याला जोडले गेले. म्हणजे पायथ्याचा हा पट्टा त्याआधी अकोला जिल्ह्यात मोजला जात होता. १९११ च्या जनगणनेवर आधारलेल्या यादीत बुलढाण्याचे नाव दिसण्यामागे सीमेची ही हालचालही असणार. माणसे आणि मळे होते तिथेच होते; हलली ती कागदावरची रेघ.

गोड्या पाण्याने निम्मेच काम होते. उरलेले निम्मे म्हणजे सावली, आणि ती उभारावी लागते. बंगाल आणि उत्तर हिंदुस्थानात पानमळ्यावर गवताचे आणि काठ्यांचे छप्पर घालतात. त्या बंदिस्त मळ्याला 'बरेजा' म्हणतात आणि बरई या नावाचा संबंध कुंपणवाचक 'बारी' या शब्दाशी जोडला जातो. महाराष्ट्रात मुख्यतः जिवंत आधाराची पद्धत आहे. आधी शेवरी, हदगा, पांगारा किंवा शेवगा यांची झाडे ओळीने लावतात. कडेने वारा अडवायला केळी किंवा शेवरीची दाट रांग. ही झाडे माणसाच्या कमरेइतकी झाली, त्यांची सावली पडू लागली, की मग त्यांच्या बुडाशी वेलीचे कांडे येते. आधारझाडे बहुतेक शेंगवर्गीय, त्यामुळे जमिनीला नत्रही मिळते. नत्राचे रसायन ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी ही निवड झालेली आहे.

बेणे निवडणे हे या धंद्यातले सर्वांत जोखमीचे काम. निरोगी, भरात आलेल्या वेलीचा वरचा भाग घेतात. फार कोवळा शेंडा चालत नाही आणि बुडाचा जून भागही चालत नाही. हातभर लांबीच्या कांड्यावर तीन ते पाच डोळे असावेत. प्रत्येक गाठीपाशी बारीक हवाई मुळे असतात. एरवी त्यांच्याच आधाराने वेल झाडाला धरून चढते. तीच गाठ मातीत गेली की तिला खरी मुळे फुटतात. एकाच गाठीला जमिनीत मूळ होण्याची आणि हवेत हात होण्याची, अशा दोन्ही शक्यता असतात. कांड्याचे दोन-तीन डोळे मातीत दाबतात, उरलेले वर ठेवतात, आणि पुढचे काही आठवडे पाणी थोडे-थोडे पण वरचेवर देतात. मोटेच्या काळात याचा अर्थ बैलजोडी आणि माणूस रोज विहिरीवर.

वेल चढू लागली की ती लव्हाळ्याने किंवा केळीच्या सोपटाने झाडाला सैल बांधायची. खालची पाने आधी खुडायची, वरची पिकू द्यायची. वर्षभरात वेल हाताच्या आवाक्याबाहेर जाते. तेव्हा तिला झाडावरून सोडवून खाली उतरवतात, पाने काढलेला भाग वेटोळे करून बुडाशी मातीत पुरतात आणि फक्त शेंडा वर ठेवतात. पुरलेल्या प्रत्येक गाठीला नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा नव्याने चढू लागते. जमिनीत वेटोळे घालून बसलेली आणि डोके वर काढलेली ती वेल पाहिली म्हणजे तिला नागाचे नाव का पडले असेल, याचे आणखी एक उत्तर मिळते.

रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथात मळ्यातल्या नागपंचमीचे वर्णन आहे. त्या दिवशी बारी लोक फुले-नारळ घेऊन मळ्यात जातात, तिथे नाग म्हणून ठेवलेल्या दगडाची पूजा करतात, दुधाची वाटी ठेवतात, आणि दिवसभर एकाही पानाला हात लावत नाहीत. बळी देण्याचीही चाल होती. मळ्यातल्या गारव्याला नाग येतच, पण आपल्या जातीच्या माणसाला नाग चावत नाही, असा त्यांचा विश्वास होता. सावली, ओल आणि बेडूक असलेल्या जागेत नाग येणारच. रोज अनवाणी पायांनी त्याच जागेत वाकून काम करणाऱ्याला अशा विश्वासाची गरज काय असते, हे वेगळे सांगायला नको.

अनवाणी, कारण पानमळ्यात चपला-जोडे घालून जात नाहीत. देशाच्या अनेक भागांत अंघोळीशिवाय मळ्यात न जाण्याचा आणि पाळीच्या दिवसांत बाईला आत न येऊ देण्याचाही दंडक होता. समाजमाध्यमांवर अशा प्रथांचे लगेच 'पूर्वजांचे विज्ञान' होते. यातला एक भाग खरोखर उपयोगी होता : मातीतून पसरणारा रोग बाहेरच्या पायांबरोबर आत येतो, आणि बाहेरची माती बाहेर राहिली तर मळा वाचण्याची शक्यता वाढते. दुसऱ्या भागाला असा कोणताही आधार नाही. तो शुद्धाशुद्धतेच्या कल्पनेतून आलेला आणि बाईवर लादलेला निर्बंध आहे. दोन्ही नियम एकाच पावित्र्याच्या भाषेत सांगितले जात. म्हणून एकाच्या उपयोगावरून दुसऱ्याचे समर्थन करता येत नाही.

आणि रोग होताच. एकाच वेलीचे तुकडे लावून उभ्या राहिलेल्या मळ्यात एका वेलीला जे मारते ते सर्वांना मारते. पावसाळ्यात पाणी साचले की बुडाशी खोड काळे पडून कुजते, पाने मलूल होतात, आणि बघता बघता ओळीच्या ओळी वाळून जातात. शेतकरी याला 'मर' म्हणतात. नागपूरला मध्य प्रांत सरकारच्या सेवेत असलेले बुरशीशास्त्रज्ञ जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी या रोगांचा पद्धतशीर अभ्यास केला. मध्य प्रांतातील पानवेलीच्या रोगांवरचा त्यांचा प्रबंध १९३५ मध्ये प्रसिद्ध झाला. दस्तूरांना हा शत्रू अनोळखी नव्हता. एरंडीवरच्या 'फायटोफ्थोरा' या रोगकारकाचे वर्णन त्यांनीच १९१३ साली केले होते, आणि पानवेलीच्या मरीमागेही याच वंशातला जीव होता. १८४०च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणणाराही त्यांचाच भाऊबंद. बटाटाही कांड्यावरच, म्हणजे स्वतःच्याच तुकड्यांवर वाढणारा. आयर्लंडमध्येही शेतेच्या शेते एकाच वाणाची होती.

यावरचा उपाय आला तोही एका वेलीकडून. १८८०च्या दशकात फ्रान्सच्या बोर्डो भागातील द्राक्षमळ्यांवर केवडा पसरला, तेव्हा मिलार्डे या शास्त्रज्ञाने मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण त्यावर चालते असे दाखवून दिले. 'बोर्डो मिश्रण' या नावाने ते जगभर गेले आणि पानमळ्यांतही आले. वेलीच्या बुडाशी ते ओततात, पानांवर फवारतात. चुना पानाला लावण्याआधी वेलीला लागतो, असा हा योग.

पानवेलीच्या शेजारी वऱ्हाडात तिची एक सख्खी बहीणही वाढते : पानपिंपळी. अकोट आणि अंजनगाव भागातले बारी शेतकरी तीही त्याच हातांनी, त्याच सावलीत, कांड्यांवरच लावतात. फरक मजेचा आहे. पानवेलीत तुरा नको, पान हवे. पिंपळीत पान नको, तुराच हवा. मादी वेलीवरचे कणसासारखे तुरे पूर्ण पिकण्याआधी खुडून वाळवतात, आणि तीच आयुर्वेदातली पिप्पली. हिने जग फार लवकर पाहिले. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात भडोच बंदरातून निघणाऱ्या मालात पिंपळी आहे, आणि त्या बंदरावर पैठण आणि तेर इथूनही माल उतरत असे. रोमचा प्लिनी भाव देतो : पिंपळी पौंडाला १५ दिनार, काळी मिरी ४. इंग्रजी 'पेपर' हा शब्द मिरीला चिकटला असला तरी त्याचे मूळ पिप्पलीत आहे. ती पिंपळी वऱ्हाडची होती असे म्हणायला पुरावा नाही. पण दख्खनच्या वाटेवर असे पीक घेणारी आणि त्याचे बेणे जपणारी माणसे होती, एवढे त्यातून दिसते.

ती माणसे पुढे किती उरली? १९११ च्या जनगणनेत मध्य प्रांत आणि वऱ्हाडात बरई-बारी मिळून सुमारे ६०,००० होते. त्यांतले काम करणारे सुमारे ३३,०००, आणि प्रत्यक्ष पान लावणारे-विकणारे फक्त १४,००० च्या आसपास. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच निम्म्याहून अधिक माणसे साध्या शेतीकडे, मजुरीकडे आणि इतर कामांकडे वळलेली होती. 'आत्ताआत्तापर्यंत सगळे मळेच करीत होते' ही आठवण हळवी आहे, पण आकडे तिला साथ देत नाहीत. उलट बाजूही तितकीच खरी. वर्षभर रोज पाणी, रोज खुडणी, एका पावसाळ्यात सगळे भांडवल मातीत जाण्याची भीती, आणि जातीच्या नावाशी जखडलेला धंदा. यातून बाहेर पडणाऱ्याला दोष कोण देणार? पण बियाण्याच्या पिकाचा शेतकरी दहा वर्षांनी परत येऊ शकतो. पानमळा मोडणाऱ्याला परत यायचे झाले, तर त्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी मळ्यात वेल जिवंत असावी लागते.

पुढे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने पानवेलीसाठी देशव्यापी समन्वित संशोधन प्रकल्प उभा केला. महाराष्ट्रात त्याचे केंद्र सांगली जिल्ह्यातील कसबे दिग्रज येथे होते. गहू-तांदळाचे वाण वाळवून, पाकिटात बंद करून, शीतगृहात दशकानुदशके ठेवता येतात. पानवेलीच्या वाणांचा संग्रह असा ठेवता येत नाही. प्रत्येक वाणाची वेल मळ्यात उभीच ठेवावी लागते, तिला सावली आणि पाणी द्यावे लागते, आणि ती थकू लागली की तिच्या वरच्या भागातले तीन-चार डोळ्यांचे कांडे कापून, ओल्या वरंब्यात पुन्हा दाबावे लागते.